दुसऱ्या नंबरची किंमत

७ डिसेंबर २०१४. वॉशिंग्टन शहराजवळच्या लँडोव्हरमधल्या फेडएक्स फील्डवर नाणेफेकीसाठी कप्तानांना बोलावलं गेलं. पाहुणा संघ होता सेंट लुइस रॅम्स. अमेरिकन फुटबॉलमध्ये एका संघाचे दोन-तीन कप्तान असणं नेहमीचंच. त्या दिवशी रॅम्सकडून सहा जण आले: मायकेल ब्रॉकर्स, जनॉरिस जेन्किन्स, अ‍ॅलेक ओगलट्री, स्टेडमन बेली, झॅक स्टेसी आणि ग्रेग रॉबिन्सन. यजमानांच्या प्रेक्षकांना ही नावं जोडून वाचायला वेळ लागला नाही. पावणेतीन वर्षांपूर्वी वॉशिंग्टनने एका खेळाडूसाठी रॅम्सना जे काही दिलं होतं, त्यातून उभे राहिलेले हे सहा जण होते. प्रशिक्षक जेफ फिशर यांनी त्यांना मुद्दाम एका रांगेत मैदानाच्या मधोमध पाठवलं. ज्याच्यासाठी तो सौदा झाला तो रॉबर्ट ग्रिफिन त्या दिवशी सुरुवातीच्या अकरांतही नव्हता. वॉशिंग्टन ०-२४ असं हरलं.

सौदा महागात पडला, हे सांगायला यापेक्षा जास्त काही लागू नये असं वाटतं. पण हिशेबाला बसलं की गोष्ट गुंतत जाते, आणि ती गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये दोन कप्तान आळीपाळीने भिडू निवडतात. पहिला भिडू कोण मागणार यावरून तिथेही भांडणं होतात. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधला ‘ड्राफ्ट’ म्हणजे तीच भिडू निवडायची पद्धत, फक्त अवाढव्य आकाराची. बत्तीस संघ, सात फेऱ्या, महाविद्यालयांतून येणारे अडीचशेच्या वर तरुण. आदल्या हंगामात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याला पहिला भिडू मिळतो, आणि जो जिंकला तो रांगेत शेवटी. फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. श्रीमंत संघांनी सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत, दुबळ्यांनाही वर यायची संधी मिळावी, हा हेतू. त्या पहिल्या ड्राफ्टचा पहिला मानकरी जे बर्वँगर. तो या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पहिल्या नंबरची खात्री देता येत नाही, हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

आयपीएलच्या लिलावात पैशाची बोली लागते. ड्राफ्टमध्ये खेळाडूवर बोली लावायची सोय नाही. ज्याचा नंबर आला त्याने निवडायचं. मात्र हा नंबर दुसऱ्याला देता येतो. म्हणून ड्राफ्टच्या बाजारात नंबर हेच चलन झालं आहे. बाराव्या नंबरवर बसलेल्या संघाला तिसऱ्यावर जायचं असेल, तर आपला बारावा आणि वर आणखी काही देऊन तो तिसरा नंबर घेतो. ते ‘आणखी काही’ किती असावं, यावर सगळं अडतं.

त्यासाठी या धंद्यात एक रेडी रेकनर आहे. १९८९ मध्ये डॅलसच्या संघाने हर्शल वॉकर हा आपला मोठा खेळाडू मिनेसोटाला देऊन बदल्यात निवडींचा ढीगच मिळवला. आता या निवडी मोडून, जोडून, वर-खाली करून वापरायच्या तर भाव ठरवायला काहीतरी हवं. प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्यासाठी १९९१ मध्ये माइक मॅकॉय यांनी एक तक्ता बनवला. मॅकॉय पेशाने इंजिनिअर, तेल आणि वायूच्या धंद्यातले, डॅलसच्या मालकीत छोटे भागीदार. पहिल्या नंबरला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, दहाव्याला १३००, सोळाव्याला १०००, बत्तिसाव्याला ५९०, आणि असंच उतरत शेवटपर्यंत. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की सौदा रास्त. जॉन्सन यांच्या संघातले लोक दुसरीकडे नोकरीला गेले तसा तक्ताही गावोगाव पोचला.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवायला हवी. मॅकॉय यांनी तक्ता काढला तो आधीच्या काही वर्षांत संघांनी केलेले सौदे बघून. कोणत्या नंबरवरचा खेळाडू पुढे किती चांगला खेळला, हे त्यात मोजलेलं नाही. लोक काय भाव देतात ते तक्ता सांगतो. तो भाव देण्याजोगा आहे का, हे सांगत नाही. आपल्याकडचा सरकारी रेडी रेकनर जमिनीचा दर सांगतो, विहिरीला पाणी लागेल की नाही ते सांगत नाही, तसंच हे.

आता वॉशिंग्टनचा सौदा. २०११ च्या हंगामात संघ १६ पैकी ५ सामने जिंकला होता आणि २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा नंबर होता सहावा. त्या वर्षी दोन क्वार्टरबॅकांचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूंचा, बोलबाला होता. पहिला अँड्र्यू लक इंडियानापोलिसकडे जाणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. दुसरा ग्रिफिन, बेलर विद्यापीठाचा, २०११ च्या हाइझमन ट्रॉफीचा, म्हणजे महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोच्च पुरस्काराचा, विजेता, धावायला वाऱ्यासारखा आणि लांब फेकीत अचूक. दुसरा नंबर रॅम्सकडे होता. त्यांना क्वार्टरबॅक नको होता, कारण त्यांच्याकडे सॅम ब्रॅडफर्ड होता. क्लीव्हलँडचाही त्या नंबरवर डोळा होता. मार्चमध्ये वॉशिंग्टनने बाजी मारली. दिलं काय? २०१२ ची सहावी आणि एकोणचाळिसावी निवड, २०१३ ची पहिल्या फेरीतली निवड, आणि २०१४ ची पहिल्या फेरीतली निवड.

तक्ता लावून बघू. दुसऱ्या नंबरचे २६०० गुण. सहाव्याचे १६०० आणि एकोणचाळिसाव्याचे ५१० मिळून झाले २११०. म्हणजे वॉशिंग्टनला आणखी ४९० गुणच द्यायचे होते. दुसऱ्या फेरीतल्या एकेचाळिसाव्या नंबरची किंमत बरोब्बर एवढीच आहे. ही उरलेली रक्कम त्यांनी फेडली ती पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी देऊन. संघ अगदी मध्यम खेळला आणि सोळावा नंबर आला असं धरलं तरी त्या दोन्हींचे होतात २०००.

४९० च्या जागी २०००, आणि तरीही अनेक जाणकारांना हा सौदा वेडेपणाचा वाटला नाही. त्याचं कारण या बाजाराची एक जुनी रीत. पुढच्या वर्षीची निवड आज मोडायची तर ती एक फेरी खाली उतरवून धरतात. पुढच्या वर्षीची पहिली फेरी म्हणजे आजची दुसरी. त्याच्या पुढच्या वर्षीची पहिली म्हणजे आजची तिसरी. या रीतीने दोन्ही फेऱ्यांच्या मधले नंबर धरले तर ४२० आणि १९०, एकूण ६१०. मग वॉशिंग्टनने २६०० च्या मालाला २७२० मोजले असं होतं. बाजारात घासाघीस करताना इतकं मागे-पुढे होतंच.

म्हणजे बाजाराच्या रीतीप्रमाणे भाव ठीक होता. खोट होती ती त्या रीतीतच. ‘आज दुसरी फेरी दे, पुढच्या वर्षी पहिली देतो’ या बोलण्यात व्याज किती लपलेलं आहे, ते केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी मोजलं. थेलर यांना पुढे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. या दोघांचा ड्राफ्टवरचा शोधनिबंध २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा खर्डा २००५ पासून लोकांपुढे होता. त्यांच्या हिशेबाने तो व्याजदर निघाला वर्षाला शेकडा १३६. कोणताही शहाणा माणूस घर गहाण टाकून या दराने कर्ज घेणार नाही. पण ज्या व्यवस्थापकाची नोकरी येत्या हंगामावर टांगलेली आहे, त्याला दोन वर्षांनंतरची निवड आपली वाटतच नाही. ती बहुधा त्याच्या जागी येणाऱ्या माणसाची असते.

या दोघांचं दुसरं निरीक्षण याहून बोचरं आहे. एखाद्या जागेसाठी निवडलेला खेळाडू आणि त्याच जागेसाठी त्याच्यानंतर निवडला गेलेला खेळाडू यांची जोडी लावली, तर आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता आहे साधारण ५२ टक्के. नाणं उडवलं तर पन्नास. संघ खेळाडू हेरण्यावर, चाचण्यांवर, मुलाखतींवर वर्षभर राबतात, आणि हाती काय येतं तर नाण्यापेक्षा दोन टक्के जास्त. त्या मेहनतीने चांगले आणि सुमार खेळाडू वेगळे होतात यात शंका नाही. पण चांगल्यांमधला सर्वांत चांगला कोण, हे कळण्याइतकी ती बारीक नाही. नंबर वर सरकवणारा संघ नेमकी त्याच गोष्टीची किंमत मोजत असतो.

यामागे आणखी एक जुनी, ओळखीची गोष्ट आहे. तेलाच्या पट्ट्यांसाठी कंपन्या बोली लावतात तेव्हा जिंकणाऱ्याला बहुतेक वेळा तोटा होतो, कारण जमिनीखालच्या तेलाचा ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला तोच सर्वांत मोठी बोली लावतो. एका तेल कंपनीतल्या तीन इंजिनिअरांनी १९७१ मध्ये हे दाखवून दिलं आणि त्याला ‘विजेत्याचा शाप’ हे नाव पडलं. ड्राफ्टचा तक्ताही तेलाच्या धंद्यातल्याच माणसाने बनवला, हा योगायोग विसरता येत नाही. ग्रिफिनसाठी दोन संघ झोंबत होते. ज्याची खात्री जास्त त्याने तो नेला.

थेलर यांनी २०१५ मध्ये आलेल्या ‘मिसबिहेविंग’ या पुस्तकात वॉशिंग्टनचीच एक आठवण दिली आहे. वॉशिंग्टनचे तेव्हाचे मालक डॅनियल स्नायडर यांना मॅसी-थेलर यांच्या कामात रस वाटला. त्यांनी आपली माणसं या दोघांकडे पाठवली, सविस्तर बोलणं झालं. आणि मग ड्राफ्टच्या दिवशी त्याच संघाने वरचा नंबर घेण्यासाठी पुढची निवड देऊन टाकली. ऐकून घेणं आणि मोहाच्या क्षणी हात आवरणं यात किती अंतर असतं, ते इथे दिसतं.

वॉशिंग्टनच्या बाजूने बोलायचं तर एक खरा मुद्दा होता. २०१० पर्यंत वरच्या नंबरच्या खेळाडूला अफाट पगार द्यावा लागे. रॅम्सच्या त्याच ब्रॅडफर्डचा त्या वर्षीचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा, त्यातले ५ कोटी हमीचे. २०११ च्या नव्या करारनाम्याने नवख्यांच्या पगाराला लगाम घातला आणि त्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला लीगने मर्यादा घातलेली असल्याने स्वस्तातला चांगला क्वार्टरबॅक म्हणजे बाकीच्या जागांसाठी हातात खुळखुळता पैसा. म्हणून २०१२ मध्ये दुसरा नंबर आधीपेक्षा खरोखरच मोलाचा झाला होता. पण सौदा ठरल्यावर काही दिवसांतच लीगने जुन्या करारांतल्या गैरप्रकारासाठी वॉशिंग्टनच्या पगार-मर्यादेतून दोन वर्षांत मिळून ३ कोटी ६० लाख डॉलर कापले. निवडी गेल्या होत्या, आता पैसाही गेला. ग्रिफिनभोवती संघ उभा करायला जे लागतं ते दोन्ही बाजूंनी आटलं.

पहिला हंगाम मात्र झळाळून गेला. ग्रिफिनने फेकीतून ३२०० यार्ड काढले, २० टचडाउन दिले, फक्त ५ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला आणि धावत ८१५ यार्ड मिळवले. संघाने शेवटचे सातच्या सात सामने जिंकले आणि १९९९ नंतर पहिल्यांदा आपला गट जिंकला. वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ग्रिफिन ठरला. कुणी तेव्हा ‘भाव जास्त दिला का’ असं विचारलं असतं तर वॉशिंग्टनकरांनी त्याला हसण्यावारी नेलं असतं.

६ जानेवारी २०१३ ला बाद फेरीच्या सामन्यासाठी सिअ‍ॅटल पाहुणं म्हणून आलं. महिनाभर आधी बाल्टिमोरविरुद्ध ग्रिफिनचा उजवा गुडघा दुखावला होता आणि तो आधाराची पट्टी बांधून खेळत होता. वॉशिंग्टनने १४-० अशी आघाडी घेतली, पण पहिल्याच सत्रात एका फेकीनंतर तो लंगडताना दिसला. तरीही तो मैदानावर राहिला. चौथ्या सत्रात सेंटरने मागे दिलेला चेंडू खाली पडला, तो उचलायला ग्रिफिन वाकला, वळला, आणि कुणाचा धक्काही न लागता गुडघा आतल्या बाजूला दुमडला. तो पडला. चेंडू त्याच्या हाताशी होता, पण तो झडप घालू शकला नाही. सिअ‍ॅटलच्या खेळाडूने चेंडू उचलला. वॉशिंग्टन १४-२४ ने हरलं आणि तीन दिवसांनी ग्रिफिनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

त्या दिवशी समोरच्या बाजूला क्वार्टरबॅक कोण होता, हे या प्रकरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. रसेल विल्सन. २०१२ च्या त्याच ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीत, पंचाहत्तराव्या नंबरवर निवडला गेला होता. तक्त्यात त्या नंबरला २१५ गुण आहेत. पुढच्याच हंगामात विल्सनने सिअ‍ॅटलला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. आणि ग्रिफिनच्या जागी मैदानात उतरला तो कर्क कझिन्स, जो वॉशिंग्टननेच त्याच ड्राफ्टमध्ये १०२ व्या नंबरवर घेतला होता. त्याचे गुण ९२. पुढे तीन हंगाम वॉशिंग्टनचा मुख्य क्वार्टरबॅक तोच होता. मॅसी आणि थेलर यांचे ते बावन्न टक्के एकाच मैदानावर, एकाच संध्याकाळी असे उभे होते.

आता त्या दोन उधारीच्या निवडींकडे परत येऊ. २०१२ मध्ये वॉशिंग्टन १६ पैकी १० सामने जिंकलं म्हणून २०१३ ची निवड आली बाविसाव्या नंबरवर, ७८० गुणांची. २०१३ मध्ये ग्रिफिनचा गुडघा पुरता सावरला नव्हता, संघ फक्त ३ सामने जिंकला, आणि २०१४ ची निवड आली दुसऱ्या नंबरवर. २६०० गुण. जो नंबर विकत घ्यायला सगळं घालवलं, तोच नंबर दोन वर्षांनी व्याज म्हणून परत द्यावा लागला. एकूण बेरीज झाली ५४९०.

पुढच्या वर्षीची निवड देणं म्हणजे रकमेची जागा कोरी ठेवून धनादेशावर सही करणं. रक्कम भरतो तो तुमचाच हंगाम, आणि तुम्ही जितके हराल तितका आकडा फुगतो. खेळाडू फसला की दोन्ही तोटे एकदम होतात. वॉशिंग्टनची चूक ग्रिफिनला पसंत करण्यात नव्हती. पाच सामने जिंकणाऱ्या संघाने असे दोन धनादेश एकदम दिले, ही होती. गुडघा शाबूत राहिला असता तरी हा व्यवहार दुबळ्या घराने करायचा नव्हता.

कॅन्सस सिटीची गोष्ट शेजारी ठेवली की फरक उघड होतो. २०१७ मध्ये त्यांनी बफेलोकडून दहावा नंबर घेतला; दिले सत्ताविसावा, एक्क्याण्णवावा आणि २०१८ ची पहिली निवड. शेवटी बेरीज झाली १५९६, दहाव्याचे गुण १३००. तक्त्याच्या हिशेबाने त्यांनीही जास्तच मोजले. पण आदल्या हंगामात हा संघ १२ सामने जिंकलेला होता, अ‍ॅलेक्स स्मिथसारखा कसलेला क्वार्टरबॅक हाताशी होता, आणि नवा मुलगा वर्षभर बसून शिकणार होता. त्यांची उधारीची निवड फार वर जाणं कठीणच होतं. ती बाविसावी आली. तो मुलगा पॅट्रिक महोम्स. त्याने तीन सुपर बोल जिंकून दिले, तेव्हा ते तीनशे गुण कुणी आठवतही नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने तर खेळाडूच्या बाबतीत वॉशिंग्टनपेक्षाही वाईट दान टाकलं. २०२१ मध्ये बाराव्यावरून तिसऱ्यावर जायला त्यांनी मायामीला पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी आणि तिसऱ्या फेरीतली एक दिली. ट्रे लान्स त्यांच्यासाठी सुरुवातीपासून फक्त चार सामने खेळला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. सॅन फ्रान्सिस्कोचा मूळ बारावा नंबर हात बदलत बदलत त्याच डॅलसकडे पोचला होता, आणि त्यावर त्यांनी मायका पार्सन्सला घेतलं होतं. पण सॅन फ्रान्सिस्को जिंकत राहिलं, म्हणून त्यांच्या दोन्ही उधारीच्या निवडी एकोणतिसाव्या आल्या, ६४० गुणांच्या. धक्का त्यांनी पचवला. २०२२ च्या ड्राफ्टमधला सगळ्यांत शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

दुसऱ्या टोकाला कॅरोलायना. २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी पहिला नंबर घेताना त्यांनी शिकागोला नववा, एकसष्टावा, २०२४ ची पहिली निवड, २०२५ ची दुसऱ्या फेरीतली निवड आणि डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम रिसीव्हर दिला. म्हणजे नवा फेकणारा आणला आणि त्याचा झेलणारा देऊन टाकला. संघ १७ पैकी २ सामने जिंकला. कोरा धनादेश ३००० वर वटला: २०२४ चा पहिला नंबर शिकागोला मिळाला आणि त्यांनी केलेब विल्यम्सला घेतलं. यंगच्या मागोमाग दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनने घेतलेला सी. जे. स्ट्राउड वर्षातला सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू ठरला, तोही एकही निवड न देता. यंगची कारकीर्द अजून चालू आहे आणि त्याच्याबद्दलचा निकाल आजच लावणं त्याच्यावर अन्याय होईल. सौद्याचा निकाल मात्र लागलेला आहे.

राहता राहिले ते सहा कप्तान. घेणाऱ्याने जास्त मोजलं म्हणजे विकणाऱ्याचं भलं झालं, असं धरून चालतात. रॅम्सचं तसं झालं नाही. २०१२ ते २०१६ या पाच हंगामांत एकदाही त्यांनी हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. दुसऱ्या नंबरवर घेतलेला ग्रेग रॉबिन्सन २०१७ मध्ये सहाव्या फेरीच्या निवडीवर डेट्रॉइटला गेला. त्याआधी २०१६ मध्ये रॅम्स स्वतःच पंधराव्या नंबरवरून पहिल्यावर चढले, जॅरेड गॉफसाठी. टेनेसीला त्यांनी जे दिलं त्यातल्या पंचेचाळिसाव्या नंबरवर टेनेसीने डेरिक हेन्रीला घेतलं. पुढे गॉफ आणि आणखी दोन वर्षांच्या पहिल्या निवडी देऊन रॅम्सनी मॅथ्यू स्टॅफर्ड आणला. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं पहिल्या फेरीत त्यांनी एकही खेळाडू निवडला नाही. त्या सात वर्षांत ते दोन सुपर बोल खेळले आणि एक जिंकले. २०२४ मध्ये पहिली फेरी पुन्हा त्यांच्या हाती आली, एकोणिसावा नंबर, आणि त्यावर घेतलेला जॅरेड व्हर्स वर्षातला सर्वोत्तम नवखा बचावपटू झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी, २०२५ च्या ड्राफ्टच्या पहिल्या रात्री, अटलांटाला सव्विसाव्या नंबरवर चढायचं होतं. तो नंबर रॅम्सकडे होता. त्यांनी तो दिला, आणि बदल्यात इतर निवडींसोबत घेतली अटलांटाची २०२६ ची पहिली निवड.